नवे-जुने

सरकारी कचेरीतल्या कारकुनाचा एक गुण सगळे मान्य करतात. हिशेबात एका रुपयाचा फरक आला तरी त्याला संध्याकाळी फाईल मिटून निवांत घरी जाता येत नाही. मी गेली बावीस वर्षे पणजीत हेच काम करतो आहे. डिचोलीहून सकाळची बस, टेबलावरचा ढीग, ट्रेझरीच्या आकड्यांशी आपल्या आकड्यांचा मेळ आणि संध्याकाळी परतीची बस. अशा माणसाला २०१७ च्या ऑगस्टमध्ये, चवथ दोन दिवसांवर आलेली असताना, त्याच्या बायकोने विचारले, "एकूण रीण किती?" आणि त्याला उत्तर देता आले नाही. तो माणूस मी.

माझ्या रिणाची गोष्ट पुढे येईलच. पण त्याआधी एका जुन्या कर्जाची गोष्ट सांगायची आहे. बी.ए.ला इतिहास घेतला होता तेव्हा ती मी दहा मार्कांसाठी पाठ केली होती. 'दख्खनचे दंगे : कारणे व परिणाम.' कारणे पाच, परिणाम चार. मार्क चांगले मिळाले होते. पण तो धडा मला खऱ्या अर्थाने समजायला आणखी वीस वर्षे आणि तीन कर्जे लागली.

सुपे हे पुणे जिल्ह्यातले गाव. शहाजीराजांची पुणे-सुपे जहागीर म्हणतात त्यातले सुपे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. १२ मे १८७५ हा तिथल्या बाजाराचा दिवस होता. आजूबाजूच्या गावांतले कुणबी बाजाराला आले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. हे लोण मग भीमथडीतून इंदापूर, शिरूर, पुरंदर, हवेली या तालुक्यांत आणि तिथून नगर जिल्ह्यात गेले. तीसहून जास्त गावांत दंगे झाले. साडेनऊशेच्या आसपास माणसे पकडली गेली आणि त्यांतल्या पाचशेवर लोकांना शिक्षा झाल्या.

दंगा म्हटला की रक्त आणि लूट डोळ्यांसमोर येते. इथे काही ठिकाणी लूट झाली, आगी लागल्या, एखाद्या ठिकाणी सावकार जिवावरच्या संकटातून वाचला. पण चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या लक्षात वेगळीच गोष्ट आली. जमावाला मुख्यतः कागद हवे होते. कर्जरोखे, खते, कोर्टाचे हुकूमनामे. सावकाराने निमूटपणे कागद काढून दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागद मिळाले की त्यांची होळी करायची आणि घरी जायचे. कागद द्यायला नकार मिळाला, तिथे मारहाण.

लिहिता-वाचता न येणारी ही माणसे. त्यांचा सगळा राग सावकाराच्या तिजोरीपेक्षा त्याच्या कागदांवर का असावा? या प्रश्नाचे उत्तर मी परीक्षेत लिहिले नव्हते, कारण तो विचारलाच गेला नव्हता.

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. पेशवाईतही सावकार होते आणि कर्जेही होती. खुद्द पहिला बाजीराव कर्जात बुडालेला होता आणि सावकारांच्या पाया पडून पडून कपाळ झिजल्याची तक्रार त्याने ब्रह्मेंद्रस्वामींना पत्राने कळवली होती. त्याचा नातू माधवराव १७७२ मध्ये थेऊरला अखेरचे दिवस मोजत होता, तेव्हा त्याने मागे राहणाऱ्यांसाठी जी कलमे लिहवून घेतली त्यांत कर्ज फेडण्याची सूचना होती. तेव्हा कर्ज ही काही इंग्रजांनी आणलेली वस्तू नव्हे. पण गावातल्या साध्या कुणब्याला मिळणाऱ्या कर्जाला त्या काळी एक कुंपण होते. त्याची जमीन सहजासहजी विकली जात नसे, म्हणून सावकारही त्याला बेताचेच देई. वसुलीसाठी सावकाराला गावाच्या पंचांशी आणि पाटलाशी जमवून घ्यावे लागे. आणि व्याजाला दामदुप्पटीचा नियम होता. दामदुप्पट म्हणजे व्याज कितीही वर्षांचे थकले तरी ते एका वेळी मुद्दलाहून जास्त मागता यायचे नाही. शंभर दिले तर दोनशेच्या वर हात पसरायचा नाही. मनुस्मृतीपासून चालत आलेला हा नियम आहे.

इंग्रजी अमलात रयतवारी आली. जमीन शेतकऱ्याच्या नावावर झाली, सारा त्याच्याकडून थेट रोखीने घेतला जाऊ लागला. नावावर झालेली जमीन गहाण टाकता येते, कोर्टातून जप्तही करता येते. आता सावकाराला गावाची मर्जी सांभाळायचे कारण उरले नाही. हातात सही केलेला कागद असला की झाले.

त्यात १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुणे-नगरच्या कोरड्या पट्ट्यात कापूस फार पिकत होता असे नाही, पण तेजी सगळ्या मुलखावर पसरते. धान्याचे भाव वाढले. त्याच सुमारास रेल्वेची कामे निघाली होती. १८६३ मध्ये भोर घाटाचा लोहमार्ग सुरू झाला, तिथे मजुरी मिळाली. हातात पैसा खेळू लागला. सावकार आपण होऊन दारात येऊन कर्ज देऊ लागला आणि लोकांनी ते घेतले. चांगले दिवस आले की ते असेच राहणार असे माणसाला वाटते. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. आणि नेमका तेव्हाच इंदापूरपासून साऱ्याचा तीस वर्षांचा करार संपत आला होता. फेरआकारणी तेजीच्या दिवसांकडे बघून झाली. बऱ्याच गावांत सारा निम्म्याहून अधिक वाढला. उत्पन्न खाली, सारा वर आणि सावकाराने हात आखडता घेतलेला.

हे वाचताना आमच्या डिचोलीच्या माणसाला काय आठवेल ते सांगायला नको. चीनला खनिज जात होते त्या वर्षांत आमच्याकडे ज्याच्याकडे थोडीफार पत होती त्याने टिपर घेतला. कर्ज द्यायला माणसे घरी येत. माझ्या धाकट्या भावानेही २०१० मध्ये टिपर घेतला आणि जामीन म्हणून मी सही केली. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. टिपर अंगणात उभे राहिले, त्यांच्या चाकांभोवती पावसाळ्यात तण उगवले, पण हप्त्याची तारीख काही थांबली नाही. २०१४ मध्ये सरकारला खाणबाधित कर्जदारांसाठी कर्जमुक्तीची योजना काढावी लागली, यावरून हे दुखणे किती घरांत होते ते कळते. सुप्याच्या कुणब्याचा कापूस आणि आमचे लोहखनिज, दोन्ही परमुलखातल्या मागणीवर उभे होते. ती मागणी का वाढली आणि का थांबली हे ना त्याला कळले ना आम्हाला.

असो. तेजी-मंदीने माणूस अडचणीत येतो हे खरे, पण तो अडचणीत रुतून का बसतो? इथे त्या कागदाची गोष्ट सुरू होते.

१८५९ मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोख्यावर दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांवर आणली. हेतू चांगला होता. जुनीपुराणी खते उकरून सावकाराने कुणाला छळू नये, व्याज फार साचू नये. पण व्यवहारात उलटे झाले. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावी आणि नवा रोखा लिहून घेई. जुने मुद्दल अधिक तीन वर्षांचे व्याज, ही सगळी रक्कम नव्या रोख्यात मुद्दल म्हणून जाई. मग त्यावर व्याज. यालाच आपल्या मराठीत नवे-जुने करणे म्हणतात आणि बँकांच्या शेतीकर्जात हा शब्द आजही जिवंत आहे.

कारकून असल्याने मी हा हिशेब मांडून पाहिला. शंभर रुपये, शेकडा दोन रुपये महिना. त्या काळी हा दर काही आक्रीत नव्हता. सरळ व्याजाने बारा वर्षांत शंभराचे ३८८ रुपये होतात. दामदुप्पटीचा नियम लावला तर २०० वर गाडी थांबते. पण दर तीन वर्षांनी नवे-जुने केले तर? पहिल्या तीन वर्षांनी १७२. सहाव्या वर्षी २९६. नवव्या वर्षी ५०९. बाराव्या वर्षी ८७५. आणि गंमत अशी की दामदुप्पट कुठेही मोडलेली दिसत नाही, कारण प्रत्येक रोख्यावरचे व्याज त्या रोख्याच्या मुद्दलापेक्षा कमीच आहे! कुळाला पदरात नवा पैसा एकही मिळालेला नाही. त्याने फक्त चार वेळा निशाणी केली.

निशाणी म्हणजे काय, तर नांगर. लिहिता न येणारा कुणबी जुन्या कागदांवर सहीच्या जागी नांगराचे चित्र काढी. ज्या नांगरावर त्याचे पोट, तोच तो त्या कागदावर आठशे पंचाहत्तर रुपयांखाली काढून देत होता. आत काय लिहिले आहे हे सावकार सांगेल ते. किती फेडले याची पावती नाही. हिशेबाची वही सावकाराच्या घरी, सावकाराच्या अक्षरात. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात सावकारांवर सामाजिक बहिष्काराला सुरुवात झाली, ती दीडशे रुपयांच्या कर्जापायी एका देशमुखाच्या घरावर सावकाराने हुकूमनामा आणला म्हणून. देशमुख म्हणजे वतनदार माणूस. त्याची ही गत, तर साध्या कुणब्याचे काय?

आता सुप्याच्या होळीचा अर्थ लागतो. त्या माणसांचे कर्ज त्यांच्या डोक्यात नव्हते, अंगणात नव्हते, शेतातही नव्हते. ते फक्त कागदात होते. आपण किती देणे लागतो हे त्यांना स्वतःला माहीतच नव्हते. जे वाचता येत नाही ते जाळता तरी येते.

कर्जाच्या कागदांचे काय करावे याचे एक उदाहरण याच पुणे जिल्ह्यात त्याआधी सव्वादोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी घडले होते. देहूच्या तुकोबांच्या घरी महाजनकी आणि सावकारी होती. १६३० च्या दुष्काळात घर कोलमडले आणि नंतर तुकोबांनी आपल्या वाट्याची गहाणखते इंद्रायणीत बुडवली, धाकट्या भावाचा वाटा त्याला वेगळा काढून दिला, असे परंपरा सांगते. तिथे कागद पाण्यात गेले आणि बुडवणारा सावकार होता. सुप्यात कागद आगीत गेले आणि जाळणारी कुळे होती. पहिल्या वाटेला तुकोबा लागतो, आणि तो रोज जन्माला येत नाही. दुसऱ्या वाटेने पाचशे माणसे तुरुंगात गेली.

तिसरी वाट कायद्याची. मला सर्वांत जास्त शिकवले ते तिने. आयोगाचा अहवाल आला, मधे १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ पडला, १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले आणि त्याच वर्षी 'दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा' झाला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. नावावरून वाटते की सरकारने कर्जे माफ केली असतील. तसे काही नव्हते. त्या कायद्याने केले ते साधारण असे.

एक, कोर्टाने नुसत्या शेवटच्या रोख्याकडे बघायचे नाही. त्याच्या मागे जायचे, पहिल्या व्यवहारापर्यंत. मुळात हातात किती पैसे दिले, किती परत आले, हे शोधायचे. दोन, मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब वेगळे मांडायचे आणि मधल्या नव्या-जुन्यात जे व्याज मुद्दलात घुसवले असेल ते मुद्दल धरायचे नाही. तीन, शेतकऱ्याने करून द्यायचा रोखा सरकारने नेमलेल्या गावच्या नोंदणीदारासमोर लिहायचा, म्हणजे निशाणी करणाऱ्याला आतला मजकूर कळेल. चार, फेडीच्या प्रत्येक रकमेची पावती मागण्याचा, वर्षाचा हिशेब मागण्याचा आणि स्वतःजवळ पासबुक ठेवण्याचा हक्क कुळाला मिळाला. पाच, कोर्टात जाण्याआधी तडजोडीसाठी मध्यस्थ नेमले. आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले.

न्यायमूर्ती रानडे या कायद्याच्या कामात होते. १८८७ मध्ये ते त्याखालचे विशेष न्यायाधीश झाले आणि १८९३ मध्ये मुंबईच्या हायकोर्टात जाईपर्यंत जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून खालच्या कोर्टांचे काम तपासत राहिले. रमाबाईंच्या आठवणींत या फिरतीचे दिवस येतात. बैलगाडीतून मुक्कामामागून मुक्काम करत दुसऱ्याच्या शंभर-दोनशे रुपयांच्या हिशेबाची बेरीज तपासणारा एवढा मोठा विद्वान, हे चित्र मला फार आवडते.

कायद्याने स्वर्ग अवतरला असे मुळीच झाले नाही. सावकार हुशार होते. त्यांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि पैसे फेडलेस की जमीन परत देईन, असे तोंडी सांगितले. तोंडी सांगितलेल्याची पावती कुठली? काही ठिकाणी कर्ज मिळणेच अवघड झाले. मग प्रश्न आला की सावकार नको तर पैसा कोणाकडून आणायचा? याचे एक उत्तर महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनी शोधले होते. १८८९ मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने 'अन्योन्य सहकारी मंडळी' निघाली. आपल्या देशातली ही अगदी पहिल्या सहकारी पतसंस्थांपैकी एक मानली जाते. सहकारी पतपेढ्यांचा सरकारी कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०४ मध्ये आला. दहा जणांनी मिळून पैसा ठेवायचा आणि अडल्यानडल्याला द्यायचा. त्यात देणारा आणि घेणारा एकाच वहीत दिसतात.

आता माझ्याकडे येतो.

भावाचे टिपरचे हप्ते थकले तेव्हा जामीन मी होतो. २०१३ मध्ये मी एका बँकेतून दोन लाखांचे वैयक्तिक कर्ज काढले, १४ टक्क्यांनी, पाच वर्षांचे. गोव्यात स्थावर मालमत्ता गहाण टाकायची तर नवराबायको दोघांची सही लागते. पोर्तुगीज काळातल्या कायद्याची ही चांगली देणगी आपण जपून ठेवली आहे. पण वैयक्तिक कर्जाला घर गहाण पडत नाही. पगाराची स्लिप पुरते. म्हणजे बायकोची सही लागत नाही. म्हणजे तिला सांगावेही लागत नाही. हे शेवटचे वाक्य कुठल्याच कायद्यात नाही, ते माझे मीच लिहिले होते.

२०१५ मध्ये टिपरचे प्रकरण तडजोडीने मिटवायला पैसे हवे होते. बँकेतल्या मुलाने हसून सांगितले, "सर, तुमचे १ लाख ३६ हजार उरलेत. तीन लाखांचे नवीन करू, जुने त्यातच बंद होईल." मी सही केली. २०१७ च्या जानेवारीत घराच्या छपराचे काम आणि मुलीचा प्रवेश. दुसऱ्या कर्जाचे २ लाख ४ हजार उरले होते. चार लाखांचे नवीन. पुन्हा सही. प्रत्येक वेळी पाच वर्षांचे घड्याळ पहिल्यापासून सुरू. शिवाय प्रत्येक वेळी प्रक्रिया शुल्क कापलेले. क्रेडिट कार्डावर पन्नास हजार साचले होते, त्याची मी दरमहा 'किमान रक्कम' भरत होतो. अडीच हजार भरायचे. त्यात साडेतीन टक्के महिना दराने व्याज १,७५० आणि त्या व्याजावरचा कर ३१५. म्हणजे अडीच हजारांतले कर्जात वळते व्हायचे फक्त ४३५! ऑफिसात कुणी अशी नोंद आणली असती तर मी ती फाईल परत पाठवली असती.

चवथीच्या आधी माटोळीचे सामान आणून मी नुकताच घरात टेकलो होतो. घरच्या फोनवर कार्डाच्या वसुलीवाल्याचा फोन आला, तो बायकोने घेतला. फोन ठेवून ती दारात उभी राहिली. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "आदीं कित्याक सांगूंक ना म्हाका?" आणि मग तो प्रश्न, "एकूण रीण किती?" मी म्हटले, चार-साडेचार लाख असेल. 'असेल' या शब्दावर तिने माझ्याकडे पाहिले. ती मराठी शाळेत प्राथमिकची शिक्षिका आहे. उत्तरात 'असेल' म्हणणाऱ्या मुलाकडे ती कशी बघते ते मला तेव्हा कळले.

चवथ झाली. विसर्जनानंतरच्या रविवारी तिने शंभर पानी वही काढली आणि सगळे कागद जमिनीवर मांडायला सांगितले. ते मांडताना मला अचानक तो बी.ए.चा धडा आठवला. माझी सही इंग्रजीत आहे, वळणदार आहे, पण त्या तीन कर्जांच्या कागदांवर ती नांगराच्या निशाणीपेक्षा काही वेगळी नव्हती. मी आतला मजकूर वाचलाच नव्हता. आणि मी वाचू शकत होतो, हा माझ्यात आणि त्या कुणब्यात फरक. त्यामुळे दोष माझ्याकडे जास्त येतो.

मग आम्ही दोघांनी १८७९ चा कायदा स्वतःला लावला. शेवटच्या रोख्याच्या मागे गेलो. तीन कर्जांत मिळून हातात खरोखर नवे पैसे किती पडले? शुल्क धरूनही ५ लाख ६० हजार. चार वर्षांत भरले किती? सुमारे २ लाख ७९ हजार. त्यातले व्याजात किती गेले? १ लाख १९ हजार. आणि चार वर्षांनी, एवढे भरून, डोक्यावर चार लाख. हप्त्याच्या कर्जात सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा भाग मोठा असतो. चार लाखांच्या पहिल्या ९,३०७ च्या हप्त्यातले ४,६६७ व्याजच. मी दर दोन वर्षांनी पुन्हा त्या जड टोकाला जाऊन उभा राहत होतो. बँकेने फसवले नाही, सगळे कागदात छापलेले होते. नवे-जुने मीच करत होतो.

पूर्ण बेरीज झाली ६ लाख १२ हजार. बँकेचे चार लाख, कर्मचारी पतसंस्थेचे दीड, कार्डाचे पन्नास हजार आणि नाक्यावरच्या पसरकाराचे बारा हजार. आकडा माझ्या अंदाजापेक्षा दीड लाखाने मोठा निघाला. तरी त्या रात्री मला कित्येक महिन्यांनी झोप लागली. आकडा मोठा होता, पण तो आता वहीत होता आणि दोघांना ठाऊक होता.

पुढचे काम साधे होते, सोपे नव्हते. जुनी मारुती १ लाख २० हजाराला विकली. पहिले पैसे पसरकाराला दिले, कारण चार वर्षे त्याने एकदाही तोंडाने मागितले नव्हते. मग कार्ड पुरे फेडून कापून टाकले. उरलेले पतसंस्थेत भरले. मधे पतसंस्थेतल्या मित्राने सुचवले, आमच्याकडून ११ टक्क्यांनी घेऊन बँकेचे १४ टक्क्यांचे फेडून टाक. तेही नवे-जुनेच की! पण वहीत मांडल्यावर कळले की दर उतरत असेल, मुद्दल एक रुपयानेही वाढत नसेल आणि मुदत लांबत नसेल तर असे नवे-जुने करण्यात पाप नाही. तरीही आम्ही केले नाही. सहीची सवय मोडायची होती, आणि दारुड्याने थोडीशी बीर घ्यायला हरकत नाही असे डॉक्टर म्हणाला तरी त्याने घेऊ नये. पतसंस्थेचे २०१९ मध्ये फिटले, मग सुटलेला तो हप्ता बँकेच्या कर्जात जादा भरत गेलो. मार्च २०२१ मध्ये, मुदतीआधी दहा महिने, बँकेचे कर्ज संपले.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्ज देणाऱ्याला कर्जदाराच्या हाती एक तक्ता द्यावा लागतो. सगळे शुल्क धरून वर्षाला खरा दर किती पडतो, एकूण किती भरावे लागणार, हे त्यात एका जागी सोप्या भाषेत असते. तो बघताना मला १८७९ च्या त्या गावच्या नोंदणीदाराची आठवण झाली. निशाणी करणाऱ्याला आत काय लिहिले आहे ते कळायला हवे, एवढाच दोघांचा उद्देश. आपल्यापैकी कुणी कर्ज काढणार असेल तर तो तक्ता मागून घ्या, घरी न्या, आणि ज्याच्याबरोबर जेवता त्याला वाचून दाखवा. मगच सही करा.

कर्ज फिटल्यावर मित्र म्हणाले, आता ते सगळे कागद जाळून टाक. सुप्याच्या लोकांना जाळावे लागले, मला गरज नव्हती. ते त्या शंभर पानी वहीबरोबर कपाटात आहेत. वहीची पाने संपली, आता दुसरी सुरू आहे. रविवारी चहानंतर आठवड्याचा खर्च तीत चढतो.

भावाचे सांगायचे राहिले. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी दुसऱ्यांदा थांबल्या तेव्हा त्याने टिपर मिळेल त्या किमतीला विकला. आता तो एका शाळेची बालरथ बस चालवतो. मी त्याच्याकडे कधी काही मागितले नाही. गेल्या चवथीला तो घरी आला, देवाला नमस्कार केला आणि जेवणाआधी पाच हजार रुपयांचे पाकीट माझ्यासमोर ठेवले. "दादा, सुरुवात करतो," म्हणाला. मी ते परत करणार होतो, शब्द ओठांवर आलेही होते. पण बायकोने वही आणली, त्याच्या नावाचे नवे पान उघडले, तारीख घातली, रक्कम लिहिली आणि पेन त्याच्या हाती दिले. "वहिनी, पावती पण द्याल?" त्याने हसत विचारले.

तिने दिली.